आठ क्रमांकाची गाडी

माझ्याजवळ एक जुनी प्रिंट आहे. आकाराने तळहाताएवढी, कडांना पिवळी पडलेली, वरच्या उजव्या कोपऱ्यात घडी पडून भेगाळलेली. फ्रान्समधल्या रीम्सच्या शर्यतमार्गावरील थिल्वाच्या वळणातून एक अल्फा रोमिओ शर्यतगाडी बाहेर पडते आहे आणि तिच्या अंगावर 8 हा आकडा स्वच्छ दिसतो. चालकाच्या डोळ्यांवर गॉगल आहे, चेहऱ्याचा खालचा भाग सावलीत गेला आहे, आणि जे थोडे दिसू शकले असते तेही वेगामुळे पुसट झाले आहे. प्रिंटच्या पाठीवर कोणीतरी पेन्सिलने लिहून ठेवले आहे: ‘फाजोली, रीम्स, 1951’. एका गठ्ठ्यातून ही प्रिंट माझ्याकडे आली तेव्हा मी त्या वर्षीच्या फ्रेंच ग्रां प्रीची, म्हणजे तिथल्या मोठ्या मोटार शर्यतीची, प्रवेशयादी पाहिली, 8 या आकड्यासमोर लुईजी फाजोली हे नाव सापडले, आणि मी निश्चिंत झालो. पाठीवरचा मजकूर आणि छापील यादी एकमेकांशी जुळत होती. याहून अधिक पुरावा मागावा असे तेव्हा मला वाटले नाही. ती निश्चिंती घाईची होती हे कळायला बरीच वर्षे गेली.

जुन्या मोटार शर्यतींची छायाचित्रे ओळखण्याचा नाद असलेली आम्ही काही माणसे आहोत. आमच्यातल्या बहुतेकांनी एकमेकांना कधी पाहिलेले नाही. कोणाच्या हाती एखादी बिननावाची प्रिंट लागली की तिची प्रत इतरांकडे जाते, आणि मग गाडी कोणती, चालक कोण, जागा कोणती आणि दिवस कोणता, या चार प्रश्नांवर आठवडेच्या आठवडे पत्रव्यवहार चालतो. नवखा माणूस प्रथम गाडीकडे पाहतो, आणि ते स्वाभाविक आहे, कारण छायाचित्र गाडीसाठीच काढलेले असते. मुरलेली माणसे मात्र गाडी सर्वांत शेवटी पाहतात. आमच्यातल्या एका गृहस्थांना टायरच्या नक्षीवरून वर्ष सांगता येते. एक बाई प्रेक्षकांच्या टोप्या आणि कोटांच्या कॉलरी पाहून दशक निश्चित करतात. आणि छपाईच्या धंद्यात आयुष्य घालवलेले एक वृद्ध सद्गृहस्थ आकड्याच्या कडेवर भिंग धरून सांगतात की हा आकडा गाडीवर रंगवलेला नाही, तो वर्तमानपत्राच्या चित्रशाळेत प्रिंटवर ब्रशने ठळक केलेला आहे. हे शेवटचे मी प्रथम ऐकले तेव्हा हादरलो होतो. वृत्तसंस्थांच्या जुन्या प्रिंटांवर पांढऱ्या रंगाने चाकांच्या कडा उजळवणे, मागची गर्दी पुसून टाकणे, अस्पष्ट आकडा गिरवणे ही रोजची कामे होती, आणि गिरवणाऱ्याला 3 आणि 8 यांतला फरक नेहमीच नीट दिसला असेल असे मानण्याचे कारण नाही.

रंगांच्या बाबतीत तर जुने छायाचित्र अगदी सरळ चेहऱ्याने आपल्याला चकवते. त्या काळी गाड्यांना देशाचे रंग असत: फ्रान्सचा निळा, इटलीचा लाल, ब्रिटनचा हिरवा, बेल्जियमचा पिवळा, जर्मनीचा आधी पांढरा आणि पुढे रुपेरी. कृष्णधवल छायाचित्रात गडद गाडी म्हणजे गडद रंग, असे आपले डोळे गृहीत धरतात. पण जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक काचपट्ट्यांना लाल रंग जवळजवळ दिसतच नसे आणि निळ्याला त्या फार लवकर प्रतिसाद देत. परिणामी इटालियन लाल गाडी कोळशासारखी काळी उतरे आणि फ्रेंच निळी गाडी, प्रत्यक्षात चांगली गडद असूनही, फिकट राखाडी दिसे. याच कारणाने त्या चित्रांतले आकाश कोरे पांढरे असते. पुढे सर्व रंगांना प्रतिसाद देणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म रुळली आणि करड्या छटांचा क्रम बदलला. म्हणजे एकाच गाडीची दोन चित्रे, एकाच दिवशी, दोन वेगळ्या फिल्मवर काढलेली, दोन वेगळ्या रंगांच्या गाड्यांची वाटू शकतात. फिल्मचा स्वभाव ठाऊक नसताना रंगाविषयी बोलू नये, हा आमच्यातला अलिखित नियम आहे. आणि नियम पाळूनही फसायला होते, कारण रंग देशाचा असला तरी तो गाडीच्या कारखान्याच्या देशाचाच असेल असे नाही. 14 एप्रिल 1929 रोजी मोनाको येथे पहिली ग्रां प्री झाली, ती 12 क्रमांकाच्या बुगाटीने, म्हणजे फ्रेंच गाडीने, जिंकली, आणि ती बुगाटी हिरवी होती. ‘विल्यम्स’ या नावाने शर्यतीत उतरलेला तिचा चालक ब्रिटिश होता.

छायाचित्रावरची नोंद आणि छायाचित्रातले सत्य यांच्यातल्या अंतराचा विचार मनात आला की मला ज्याक-आंरी लार्तिग या फ्रेंच छायाचित्रकाराच्या त्या प्रसिद्ध चित्राची आठवण होते, आणि त्याविषयी थोडे सविस्तर लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. चित्रात 6 क्रमांकाची गाडी उजवीकडे धावते आहे. तिचे मागचे चाक गोल नाही; ते लंबवर्तुळ होऊन पुढे झुकले आहे, जणू गाडीच्याही पुढे जाण्याची त्याला घाई झाली आहे. रस्त्याकडेचे प्रेक्षक आणि खांब मात्र उलट्या दिशेला कलले आहेत. गाडीचे नाक चौकटीच्या बाहेर राहून गेले आहे. लार्तिगला हे चित्र फसलेले वाटले आणि त्याने ते कित्येक वर्षे बाजूला ठेवले. पुढे, विशेषतः 1963 साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयात त्याचे प्रदर्शन भरल्यानंतर, वेग म्हणजे काय हे एका चित्रात दाखवायचे असले की लोक हेच चित्र दाखवू लागले.

चाक असे का झुकले, याचे उत्तर कॅमेऱ्याच्या शटरमध्ये आहे. त्या कॅमेऱ्यात काचपट्टीसमोरून एक आडवी फट उभ्या दिशेने सरकत असे, म्हणजे सगळे चित्र एका क्षणी उमटत नसे. चाकाचा जमिनीला टेकलेला भाग आधी नोंदला गेला, वरचा भाग किंचित नंतर, आणि तेवढ्या अवधीत गाडी पुढे गेलेली होती. लार्तिग कॅमेरा गाडीबरोबर फिरवत होता, पण गाडीच्या वेगाने नव्हे, थोडा मागे पडून; म्हणून चौकटीच्या हिशेबात गाडी पुढे सरकली आणि स्थिर उभी असलेली माणसे मागे सरकली. दोन उलट कल एकाच चित्रात आले ते यामुळे. मला या स्पष्टीकरणाने चित्राचे आकर्षण कमी झाल्याचे कधी वाटले नाही. उलट, एका सेकंदाच्या लहानशा अंशालाही खालचे टोक आणि वरचे टोक असते, हे मी त्या चाकाकडे पाहून शिकलो.

आता त्या चित्राची नोंद. दीर्घकाळ त्याखाली ‘दलाज गाडी, ग्रां प्री, 1912’ अशा अर्थाचा मजकूर छापला जात होता, आणि तो कोणा त्रयस्थाच्या चुकीतून आलेला नव्हता. खुद्द छायाचित्रकाराने सांगितलेली तारीखच ती होती. पुढे जाणकारांनी गाडीचा आकडा, तिचे अंग आणि शर्यतींच्या याद्या एकमेकांशी ताडून पाहिल्या, तेव्हा ती गाडी दलाज नसून श्नायडर निघाली, चालक रेने क्रोके ठरला, आणि शर्यत 12 जुलै 1913 रोजी आमियाँजवळ झालेली. लार्तिग तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. ज्याने स्वतः त्या रस्त्याकडेला उभे राहून ते चित्र काढले, त्याच्याच आठवणीत ते वर्षभर मागे सरकले होते. प्रत्यक्ष साक्षीदाराचा शब्द पुरेसा मानू नये हे न्यायालयाला ठाऊक असते. मला ते या चित्राने शिकवले. यात लार्तिगचा काही दोष आहे असे मी मानत नाही. तो मुलगा नोंदी ठेवण्यासाठी तिथे गेला नव्हता. तो गाड्या पाहायला गेला होता.

चालकांच्या अंगावरच्या वस्तूंवरून काळ ठरवणे त्या मानाने सोपे आहे. 1952 पासून हेल्मेट सक्तीचे झाले, म्हणून युरोपातल्या ग्रां प्रीत कापडी टोपी घालून बसलेला चालक त्याआधीचा. उलट्या टोपीचा फिलिप एतांसेलँ आणि पिवळ्या जर्सीतला ताझिओ नुव्होलारी हे तर लांबूनही ओळखू येतात. चालकाच्या डोक्यामागे संरक्षक नळी दिसली की 1961 किंवा नंतरचा काळ. 1968 साली गाड्यांवर सिगारेटच्या ब्रँडचे रंग आले, त्याच वर्षी मागे गाडीला रस्त्यावर दाबून धरणारे पंख उगवले, आणि उंच खांबांवरचे पंख 1969 च्या मोनाको शर्यतीच्या वेळी बंद झाले. त्यामुळे तसा पंख दिसला तर वर्ष शोधायला फार खटपट लागत नाही. चालकाशेजारी बसणारा मेकॅनिक मात्र अनेकांना फसवतो. युरोपातल्या ग्रां प्रीत 1925 पासून त्याला बसवणे बंद झाले, म्हणून दोन माणसे दिसली की लोक चटकन ‘पंचवीसच्या आधीचे’ असे लिहून मोकळे होतात. पण अमेरिकेतल्या इंडियानापोलिसमध्ये तोच मेकॅनिक 1930 ते 1937 या काळात पुन्हा सक्तीने बसवला जात होता, हे विसरल्यामुळे तिकडची कितीतरी चित्रे आम्हीच दहा-दहा वर्षे मागे ढकलली आहेत.

जागा ओळखण्यात जो आनंद आहे तो मला इतर कशातच मिळत नाही, कारण रस्ते आणि इमारती शर्यतीसाठी सजून उभ्या राहिलेल्या नसतात. त्या आपल्या जागी असतात आणि गाडी त्यांच्यासमोरून निघून जाते. रीम्सचा मार्ग पूर्वी ग्यू या गावातून जात असे. 1952 मध्ये गावाला वळसा घालणारा नवा भाग तयार झाला, तेव्हापासून ग्यूच्या घरांमधून धावणारी ग्रां प्री गाडी दिसणे बंद झाले. बेल्जियममधल्या स्पा येथे ओ रूजचा पूल ओलांडून गाड्या सरळ चढावर जातात हे आज सगळ्यांना माहीत आहे, पण तो रेदियाँचा चढ 1939 मधला आहे. त्याआधी गाड्या डावीकडे जुन्या जकात नाक्यापर्यंत जाऊन तिथल्या अरुंद वळणातून परत येत. मोनाकोत बंदराच्या टोकाचे गॅस टाकीजवळचे वळण 1972 पर्यंत होते. सिसिलीतल्या तार्गा फ्लोरिओ या शर्यतीच्या चित्रांत गावातल्या भिंतींवर चुन्याने रंगवलेल्या घोषणा असतात, आणि तिथला लाडका चालक निनो व्हाकारेल्ला याचे नाव भिंतीवर दिसले की चित्र कोणत्या काळातले नाही हे तरी लगेच कळते. गाडी काय आहे याचा अंदाजही न लागता केवळ एका दगडी कठड्यामुळे वर्ष सापडल्याचे प्रसंग माझ्या वाट्याला आले आहेत.

इटलीतल्या मोंझाचा उंच तिरका काँक्रीटचा मार्ग तर जणू स्वतःच तारीख सांगतो. खांबांवर पेललेला तो मार्ग 1955 मध्ये बांधला गेला आणि फॉर्म्युला वन शर्यती त्यावर फक्त चार वर्षी झाल्या: 1955, 1956, 1960 आणि 1961. त्यावर इंजिन मागे असलेली आणि शार्कच्या नाकपुड्यांसारखे दुहेरी तोंड असलेली फेरारी दिसली, म्हणजे 10 सप्टेंबर 1961 हा दिवस ठरला. त्या दिवशी 4 क्रमांकाच्या फेरारीतला वोल्फगांग फॉन ट्रिप्स आणि कित्येक प्रेक्षक मरण पावले, आणि 2 क्रमांकाचा फिल हिल जगज्जेता झाला. त्या शार्कतोंडी गाड्यांपैकी एकही मूळ गाडी आज अस्तित्वात नाही; कारखान्यानेच त्या मोडीत काढल्या. तिच्या बॉनेटवरच्या फटी कशा होत्या, पत्र्याचा सांधा कुठे होता, हे आज कोणाला जाणून घ्यायचे असेल तर छायाचित्रांकडेच यावे लागते. 4 हा आकडा असलेले चित्र समोर आले की आमच्यातले कोणीही घाई करत नाही. शक्य तितके सावकाश पाहतात, आणि पत्रातही फार थोडे लिहितात.

याच मोंझाने मला एकदा चांगलेच अडचणीत आणले. जुन्या निगेटिव्ह पुष्कळदा उलट्या बाजूने छापल्या जातात, आणि आकडा 8 किंवा 11 असला तर आरशातली प्रतिमा आणि मूळ यांत फरक कळत नाही. अशा वेळी आम्ही कोटाची बटणे कोणत्या बाजूला आहेत ते पाहतो, मनगटावरचे घड्याळ कोणत्या हातात आहे ते पाहतो, आणि मार्ग ठाऊक असेल तर गाडी कोणत्या दिशेने जाते आहे ते पाहतो. मोंझाच्या तिरक्या मार्गाचे एक चित्र आले, त्यात गाड्या घड्याळाच्या काट्यांच्या उलट्या दिशेने जात होत्या. तिथली ग्रां प्री काट्यांच्या दिशेने होते, म्हणून निगेटिव्ह उलटी छापली आहे असे मी ठामपणे कळवले. दोन दिवसांनी टायरवाल्या गृहस्थांचे पत्र आले. त्यांनी फक्त एवढेच विचारले होते की प्रेक्षकांचे कोट बरोबर बाजूने बंद झालेले का दिसतात. तेव्हा मला आठवले की 1957 आणि 1958 मध्ये अमेरिकेच्या इंडियानापोलिसच्या गाड्या मोंझाला आल्या होत्या आणि ती शर्यत अमेरिकी पद्धतीने, डावीकडे वळत, उलट्या दिशेने झाली होती. चित्र सुलट होते. माझ्या नजरेने गाड्या पाहिल्या होत्या आणि बटणे पाहिली नव्हती.

गाडीच्या ओळखीत सर्वांत जास्त वाद होतात ते जुळ्यांच्या बाबतीत. 1924 च्या लियाँच्या ग्रां प्रीत बुगाटीची टाइप 35 ही गाडी आठ आऱ्यांची ॲल्युमिनियमची ओतीव चाके घेऊन उतरली, आणि पुढची कित्येक वर्षे त्याच अंगाखाली बुगाटीने यंत्रे तेवढी बदलली. टाइप 35 बी आणि तिच्यामागून आलेली टाइप 51 यांतला फरक सांगताना आम्ही चालकामागे इंधनाची झाकणे एक आहेत की दोन, आणि बॉनेटच्या बाजूचे सुपरचार्जरचे, म्हणजे इंजिनात जास्त हवा भरणाऱ्या यंत्राचे, गोल छिद्र वर आहे की खाली, हे पाहतो. तरीही खात्री मिळत नाही, कारण या गाड्या कारखान्यात परत जात, त्यांचे भाग बदलत, जुन्या चौकटीवर नवे यंत्र चढे. पोलाद, ॲल्युमिनियम आणि रंग यांची बनलेली वस्तू एकच ओळख आयुष्यभर टिकवील ही अपेक्षाच कदाचित आपली आहे, गाडीची नव्हे. संघांकडे सीमाशुल्काची कागदपत्रे मोजक्या गाड्यांची असत, म्हणून एका गाडीची क्रमांकपट्टी दुसरीवर जाणे हेही घडत असे.

इथे पैसा शिरतो आणि हवा बदलते. फेरारीच्या 250 जीटीओ या गाड्या 1962 ते 1964 या काळात 36 बनल्या. त्यांपैकी एक 2018 साली लिलावात 4 कोटी 84 लाख डॉलरला गेली. पुढच्या चाकामागे उभ्या फटी दोन आहेत की तीन, रिव्हेटची ओळ कुठे तुटते, दाराखाली पोचा आहे का, अशा खुणांवरून छायाचित्रातली गाडी आणि आज कोणाच्या तरी मालकीची असलेली गाडी एकच आहे हे सिद्ध करता येते, किंवा नाही हे सिद्ध होते. मला एकदा एका अनोळखी माणसाने अशाच एका दुसऱ्या गाडीविषयी मत विचारले होते. त्याच्या पत्रातल्या प्रश्नातच त्याला हवे असलेले उत्तर लिहिलेले होते. मी जे दिसले ते कळवले, ते त्याला नको होते, आणि पुन्हा त्याचे पत्र आले नाही. त्या प्रसंगानंतर मी ठरवले की कोणतीही प्रिंट पाहताना आधी स्वतःला विचारायचे: यात काय निघावे असे मला वाटते? त्याचे प्रामाणिक उत्तर मनात ठेवून मगच भिंग उचलायचे.

हवेसे वाटणे किती बलवान असते याचे सर्वांत मोठे उदाहरण रुपेरी मर्सिडीजच्या कथेत आहे. 3 जून 1934 च्या जर्मनीतल्या आयफेल शर्यतीआधी डब्ल्यू 25 ही गाडी वजनात 751 किलो भरली, मर्यादा 750 किलोची होती, म्हणून रातोरात तिचा पांढरा रंग खरवडून काढला आणि खालचे ॲल्युमिनियम चमकू लागले, अशी ती कथा. संघप्रमुख आल्फ्रेड नॉयबाउअर यांनी ती सांगितली आणि जगाने ती मनावर घेतली. पण त्या शर्यतीला 750 किलोचा नियम लागूच नव्हता, आणि मानफ्रेड फॉन ब्राउखिच याने 1932 मध्ये बर्लिनच्या आव्हुस मार्गावर जिंकलेली मर्सिडीज आधीच बिनरंगाची, रुपेरी अंगाची होती. आयफेलच्या शर्यतीविषयीचा वाद मग छायाचित्रांवर येऊन पडतो, आणि छायाचित्रे सहजासहजी मदत करत नाहीत, कारण कृष्णधवल प्रिंटमध्ये उन्हातला पांढरा रंग आणि उन्हातले ॲल्युमिनियम एकमेकांच्या फार जवळ येतात. पाहायचे असते ते प्रतिबिंब: धातूवर जमिनीची काळी पट्टी उमटते, मऊ पांढऱ्या रंगावर ती विरघळते. अशा एकेका काळ्या पट्टीवर मी संध्याकाळच्या संध्याकाळी घालवल्या आहेत. कथा सुंदर आहे हे मला मान्य आहे, आणि ती सुंदर आहे म्हणूनच तिच्याविषयी अधिक कडक राहावे लागते.

आता माझी 8 क्रमांकाची गाडी.

1 जुलै 1951 ची ती शर्यत 77 फेऱ्यांची होती, आणि जिंकणाऱ्याला 3 तास 22 मिनिटे लागली. अल्फा रोमिओच्या संघात हुआन मान्युएल फांजिओ 4 क्रमांकाच्या गाडीत होता आणि फाजोली 8 क्रमांकाच्या. फांजिओची गाडी बिघडली. फाजोली पिटमध्ये, म्हणजे संघाच्या थांब्यावर, आला तेव्हा त्याला गाडीतून उतरवून ती फांजिओला देण्यात आली, आणि हे शर्यत निम्मी होण्याच्या आधीच घडले. फांजिओने फाजोलीच्या गाडीतून शर्यत जिंकली. फाजोली दुरुस्त केलेली 4 क्रमांकाची गाडी घेऊन कित्येक फेऱ्या मागे राहून अकरावा आला. तेव्हाच्या नियमांनी विजय दोघांच्याही नावावर लागला, आणि फाजोली तेव्हा 53 वर्षांचा असल्यामुळे जागतिक अजिंक्यपदाची शर्यत जिंकणारा सर्वांत वयस्क चालक म्हणून त्याचे नाव राहिले. पण त्याला त्या दिवसाचा इतका संताप आला की तो पुन्हा कधी ग्रां प्रीत उतरला नाही. प्रवेशयादी शर्यतीच्या आधी छापली जाते. या सगळ्याचा तिला गंध नसतो. त्या दुपारी 8 या आकड्याखाली दोन माणसे होती आणि 4 या आकड्याखालीही तीच दोन.

हे सारे मी वाचलेले होते आणि तरीही माझ्या प्रिंटला लावून पाहिले नव्हते. ते ज्यांनी दाखवून दिले ते आमच्यातले मुद्रक सद्गृहस्थ. त्यांनी अत्यंत सौम्य शब्दांत लिहिले: ‘आपण फाजोली म्हणता ते यादीवरून म्हणता की चेहऱ्यावरून?’ मी उत्तर लिहायला बसलो आणि माझ्याकडे उत्तर नव्हते. चेहरा दिसत नाही. खांदे रुंद वाटतात, पण दोघेही अंगाने भरलेलेच होते. आणि त्याच क्षणी माझ्या मनात दुसरी गोष्ट सुरू झाली, ती मी लपवणार नाही: हा फांजिओ असावा असे मला वाटू लागले. आणि वाटू लागताच तो मला दिसूही लागला. चालकाच्या मानेचा कल, कोपरांची ठेवण, सगळे फांजिओसारखे दिसू लागले, जे आदल्या दिवसापर्यंत फाजोलीसारखे दिसत होते. प्रिंट तीच होती.

मार्ग सावलीने दाखवला. तीन तासांहून अधिक चाललेल्या शर्यतीत सूर्य चांगलाच सरकतो, म्हणजे एकाच खांबाची सावली आरंभी आणि शेवटी वेगळ्या दिशेला पडणार. एका परिचितांच्या संग्रहात त्याच वळणाची, पहिल्या फेरीतली प्रिंट होती; गाड्यांचा घोळका अजून फुटलेला नसल्यामुळे ती पहिल्या फेरीतली हे निश्चित होते, आणि तिच्यात रस्त्याकडेच्या खांबाची सावली गवतावर स्पष्ट होती. माझ्या प्रिंटमध्ये खांबाचा फक्त वरचा तुकडा होता. सावली चौकटीबाहेर कापली गेली होती. पुढे दोन वर्षांनी त्याच निगेटिव्हवरून काढलेली, न कापलेली, मोठी प्रिंट दुसऱ्या कोणाकडे निघाली. ती पाहण्याआधी मी एक काळजी घेतली. दोन्ही प्रती मुद्रक सद्गृहस्थांकडे पाठवल्या, माझा कल कोणीकडे आहे हे त्यांना कळवले नाही, आणि फक्त सावल्यांचा क्रम विचारला. त्यांचे उत्तर एका ओळीचे होते: मोठी प्रिंट बरीच नंतरची, शर्यतीच्या उत्तरार्धातली दिसते. म्हणजे गाडीत बहुधा फांजिओ.

मी प्रिंटच्या पाठीवरची जुनी ओळ खोडली नाही. ती लिहिणारा माणूस कदाचित त्या दिवशी तिथे उभा होता, आणि गाडी फाजोलीची होती एवढे तरी त्याने खरेच लिहिले आहे. त्याच्या ओळीखाली मी हलक्या हाताने लिहिले: ‘गाडी फाजोलीची, चालक बहुधा फांजिओ, खांबाच्या सावलीवरून’, आणि तारीख घातली, म्हणजे उद्या कोणाला माझे खोडून काढायचे झाले तर मी कशाच्या आधारावर बोललो हे त्याला कळेल.

मोठ्या प्रिंटमध्ये आणखी एक गोष्ट आहे. डाव्या कडेला, वळणाच्या अलीकडे, दूरवर दुसरी एक गाडी येते आहे. नखाएवढीही नाही, नाक अल्फाचे वाटते, आणि तिच्यावरचा आकडा एका उभ्या रेघेसारखा दिसतो, जो 4 असू शकतो आणि दुसरे काहीही असू शकतो. ती 4 असेल तर फांजिओच्या गाडीत बसलेला संतापलेला फाजोली आणि फाजोलीच्या गाडीत बसलेला फांजिओ एकाच चौकटीत आहेत. ती 4 असावी असे मला फार वाटते. म्हणून मोठी प्रिंट मी भिंगाखाली धरलेली नाही. ती पाकिटात घालून टायरवाल्या गृहस्थांकडे पाठवली आहे, आणि सोबतच्या पत्रात दूरच्या गाडीवरचा आकडा कोणता, एवढेच विचारले आहे.